‘फ्राइंग पॅन’ला एक स्टार देणाऱ्या ग्राहकांना आमचं उत्तर

नमस्कार.

‘फ्राइंग पॅन’ या रिकेनबॅकर कंपनीच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या गिटारची आम्ही बनवलेली प्रतिकृती तुम्ही घेतली, तिच्याबद्दलचा तुमचा अभिप्राय पूर्ण वाचला. एवढे पैसे मोजून घेतलेलं वाद्य मनासारखं वाजेना, तर राग येणारच. तुमच्या तक्रारी अशा: गिटारला हात लावला की झिणझिण्या येतात, तारा इतक्या उंच की पडद्यावर दाबताच येत नाहीत, कार्यक्रमात सूर चढत गेले, पाठीमागे बारीक भोकं आहेत, आणि गिटारच्या डोक्यावर रिकेनबॅकरचं नाव नाही म्हणजे आम्ही ‘डुप्लिकेट माल ओरिजिनलच्या थाटात’ विकतो.

झिणझिण्यांचं आधी, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे नाही. कृपया इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत ही गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडू नका. गिटारमध्ये स्वतःची वीज नसते. तिची अॅल्युमिनियमची अख्खी बॉडी केबलच्या बाहेरच्या जाळीतून अ‍ॅम्पच्या चासीला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला, जोडलेली असते. अ‍ॅम्पला नीट अर्थिंग मिळालं नाही, तर चासीवर उतरलेला करंट सरळ तुमच्या मांडीवर येतो. तुम्ही टाकलेल्या फोटोत अ‍ॅम्पची तीन पिनांची वायर दोन पिनांच्या कन्व्हर्टरमधून बोर्डात गेलेली दिसते. तो कन्व्हर्टर आजच काढा आणि सॉकेटचं अर्थिंग खरंच चालू आहे का ते तपासून घ्या. अ‍ॅम्पमध्येच लीकेज असेल तर तो दुरुस्तीला द्या. लाकडी गिटारवर हाच दोष फक्त तारांना बोट लागलं की जाणवतो, इथे सगळी बॉडीच धातूची आहे. तुम्हाला घरघर ऐकू येते तिचंही हे एक कारण असू शकतं. दुसरं कारण म्हणजे हिचा पिकअप (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) एका कॉइलचा आहे, ट्यूबलाइट आणि डिमर जवळ असले की तो गुणगुणतो.

आता तारांची उंची. ही मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून स्टीलचा बार फिरवत वाजवायची गिटार आहे. जोसेफ केकुकू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजवलेली ही वाजवायची रीत. आपल्याकडे एस. हजारा सिंग आणि व्हॅन शिप्ले यांनी हिंदी गाण्यांच्या चाली ज्या गिटारवर घरोघरी पोचवल्या, तीही याच रीतीची. बार कधीही लाकडाला किंवा धातूला टेकता कामा नये, म्हणून तारा वर. मानेवरच्या पडद्यांच्या रेषा नुसत्या खुणा आहेत, बार कुठे आणायचा ते डोळ्याला कळावं म्हणून. तारा खाली घेतल्या तर बार खडखडेल आणि वाद्य निकामी होईल. जुनी गाणी वाजवायला घेतली असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमच्या हातात वाद्य बरोबर आलंय. फक्त ते स्पॅनिश गिटारसारखं धरू नका. तळहात टेकायला जागा नाही, मध्ये लोहचुंबक येतो, अशीही तुमची तक्रार आहे. तो नालाच्या आकाराचा चुंबक तारांवरून कमान घालून जातो, तारा त्याच्या पोटातून जातात आणि कॉइल त्यांच्या खाली बसते. या गिटारचा भरीव, गोल आवाज तिथूनच निघतो. तो काढून साधा पिकअप बसवला असता तर तुमचा हात मोकळा राहिला असता, पण मग ही फ्राइंग पॅन राहिली नसती.

सूर चढण्याबद्दल तुम्ही लिहिलंय ते अगदी खरं आहे, आणि १९३२ साली बाजारात आलेल्या मूळ गिटारचीही हीच खोड होती. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. स्टेजवरच्या दिव्यांखाली बॉडी लांबते, तारा त्या मानाने कमी लांबतात, म्हणून ताणल्या जातात आणि सूर वर सरकतो. याच कारणाने रिकेनबॅकरने पुढे १९३५ च्या सुमारास बेकलाइट या कडक प्लास्टिकची गिटार काढली. आम्हाला विचाराल तर तरीही अॅल्युमिनियमचाच आवाज आवडतो, त्यात जी धार आहे ती बेकलाइटला नाही. कार्यक्रमाआधी अर्धा तास गिटार केसमधून काढून दिव्यांखाली ठेवा, मग सुरात लावा. पहिल्या गाण्यानंतर एकदा पुन्हा तपासा. एवढ्यावर काम भागतं.

भोकांबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ही बॉडी कोल्हापुरात वाळूच्या साच्यात ओतलेली आहे. लाकडी पॅटर्न, त्याचा वाळूत घेतलेला ठसा, वरून वितळलेलं अॅल्युमिनियम. वितळलेलं अॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन शोषतं आणि थंड होताना तो बाहेर टाकतं. भट्टीवर गॅस काढून घेतला तरी थोडा राहतो, त्याचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके पडतात. पिकअपजवळ, ब्रिजखाली (तारा टेकतात त्या पट्टीखाली) किंवा मानेच्या सांध्यात असा ठिपका दिसला तर तो नग आम्ही परत भट्टीत टाकतो. तुमच्या गिटारवर ते पाठीच्या मध्यभागी आहेत, तिथे ताण येत नाही आणि आवाजालाही फरक पडत नाही. गिटार पाठवण्याआधी पाठीचे जवळून काढलेले फोटो तुम्हाला दिले होते आणि तुमचा होकार आल्यावरच पॅकिंग केलं. पुट्टी भरून वर रंग मारला असता तर पाठ आरशासारखी दिसली असती. आम्ही तसं करत नाही. ओतकाम ओतकामासारखं दिसावं, कानशीचे हात त्यावर दिसावेत, असं आमचं मत आहे.

आणि आता नाव. या मुद्द्यावर आम्ही जराही मागे सरणार नाही. जाहिरातीच्या पहिल्याच ओळीत ‘हाताने बनवलेली प्रतिकृती’ असं लिहिलेलं आहे, बिलावरही तेच आहे. मूळ गिटारचा पिकअप शोधणाऱ्या जॉर्ज बोशां यांनी त्याच्या पेटंटसाठी १९३४ मध्ये अर्ज केला, ते १९३७ मध्ये मिळालं. ते पेटंट कधीच संपलं, त्यामुळे अशी गिटार बनवायला आज कुणाची आडकाठी नाही. रिकेनबॅकर हे नाव मात्र त्या कंपनीचंच आहे. आम्ही ते डोक्यावर लावलं तर आज तुम्हाला बरं वाटेल, पण उद्या ही गिटार तुमच्याकडून तिसऱ्याकडे जाईल, तिथून चौथ्याकडे, आणि कुणीतरी ती नव्वद वर्षांपूर्वीची म्हणून विकेल. जुन्या वाद्यांच्या बाजारात गोरगरीब वादक असेच नागवले जातात. म्हणून आमची खूण आणि ‘प्रतिकृती’ हा शब्द आम्ही पाठीवर साच्यातच ओततो. ती खूण घासून काढायची तर पाठच खराब करावी लागेल.

तुमचे पर्याय सांगतो. अर्थिंग तपासूनही झिणझिण्या राहिल्या तर गिटार आणि केबल आमच्याकडे पाठवा, आतलं वायरिंग उघडून बघू, खर्च आमचा. वाजवायची बैठक आणि बार धरणं जमत नसेल तर फोन करा, व्हिडिओ कॉलवर दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. आणि ही गिटार नकोच असेल तर परतीची मुदत अजून संपलेली नाही. मूळ केसमध्येच घालून पाठवा, जाण्या-येण्याचं भाडं आम्ही देऊ, पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जाईल. अट एकच. रिकेनबॅकर नावाचं स्टिकर मागवलं आहे असं तुम्ही अभिप्रायाच्या शेवटी लिहिलंय. ते डोक्यावर चिकटवलेलं असेल, तर गिटार परत घेतली जाणार नाही.