रोज चालणाऱ्या बाबांना डिमेन्शिया का झाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, तुमची कमेंट वाचली, दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हायची ती कमेंट नाही म्हणून जरा सविस्तर लिहितेय. तुमचं म्हणणं, बाबा रिटायर झाल्यापासून रोज पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालायला जायचे तरी त्यांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालाच, मग व्यायामाने मेंदू चांगला राहतो असं लिहिणं म्हणजे आजारी माणसालाच दोष देणं. आणि अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही, ते लपवायचं कशाला.

आधी बाबांचं. त्यांचं काही चुकलं नाही हो, तुमचंही नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने 2024 मध्ये डिमेन्शियाचे कमी करता येण्यासारखे 14 धोके मांडले, व्यायाम नसणं हा त्यातला फक्त एक, बाकी बीपी, डायबिटीस, कमी ऐकू येणं, सिगरेट, एकटेपणा असं बरंच काही. हे सगळेच्या सगळे काढून टाकले तरी साधारण 45 टक्के केसेस टळतील किंवा लांबतील असा त्यांचा अंदाज, म्हणजे निम्म्याहून जास्त वाटा वय, अनुवंशिकता असल्या गोष्टींचा, ज्यावर कोणाचंच काही चालत नाही. घरी येऊन कोणी "एवढे चालायचे ना, मग कसं झालं" म्हणत असेल तर त्याला हे बिनधास्त ऐकवा.

आता अभ्यास. तुम्ही म्हणता तो बहुतेक 'लाइफ' नावाचा, 2015 चा अभ्यास. 70 ते 89 वयाची, बैठी सवय असलेली 1600 च्या वर माणसं, निम्म्यांना दोन वर्षं चालणं वगैरे व्यायाम, निम्म्यांना आरोग्याची माहिती देणारे क्लास, आणि शेवटी मेंदूच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच निघाले. खरंय ते. पण त्याच अभ्यासात 80 च्या पुढचे आणि सुरुवातीलाच अंगाने कमजोर असलेले जे होते, त्यांच्यातल्या व्यायाम करणाऱ्यांची कामाची आखणी करायची, एका कामावरून दुसऱ्यावर लक्ष वळवायची ताकद जास्त बरी राहिली. 2011 च्या एका छोट्या अभ्यासात 55 ते 80 वयाची 120 माणसं होती, त्यातली चालणारी वर्षभर आठवड्याला तीनदा 40 मिनिटं चालली, तर आठवणी साठवणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, जवळपास 2 टक्के वाढला, नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा आकसला. यावरून गॅरंटी मी कोणालाच देणार नाही. उलट लंडनच्या सरकारी नोकरदारांवर 28 वर्षं लक्ष ठेवलेल्या अभ्यासात दिसलं की निदानाच्या नऊ वर्षं आधीपासूनच माणसाची हालचाल कमी होत जाते, म्हणजे आळसाने आजार आला असं आपण म्हणतो तेव्हा कित्येकदा आजारानेच माणूस बसता झालेला असतो.

तरी मी चाला म्हणते, कारण मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के पण ऑक्सिजन खातो 20 टक्के, तो पोचवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बीपी आणि साखरेने खराब होतात आणि ही दोन्ही चालण्याने आटोक्यात राहायला मदत होते. याबद्दल मला शंका नाही.

आईंचं विचारलंत, गुडघे दुखतात आणि आपल्याकडचा पाऊस, कुठे चालणार. ओसरीवर चाला, जवळ देऊळ असेल तर सभामंडपात. आठवड्याला 150 मिनिटं म्हणतात, ती दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत केली तरी चालतात, वेग एवढाच की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. चवथीला फुगडी घालताना लागते तशी धाप लागू देऊ नका. सोबत खुर्चीतून उठ-बस, आणि भिंतीला हात लावून एका पायावर उभं राहणं, पडायची भीती कमी होते त्याने. गुडघ्यांचं मात्र आधी डॉक्टरांना दाखवून घ्या.

आणि बाबांना अजून चालायला आवडत असेल तर बंद नका करू. फक्त एकटं सोडू नका, खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असू दे.