‘फलाटावर चहा पीत…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात इथे ‘मेमधली पुरी, जुलैमधली वांगणी’ असा लेख टाकला होता. म्हणणं एवढंच होतं की 2019 मध्ये आपल्या रेल्वेनं तीन महिन्यांच्या आत दोन तऱ्हा दाखवल्या. 3 मेला फनी चक्रीवादळ पुरीजवळ धडकलं, पण त्याआधीच शंभराहून जास्त गाड्या रद्द झाल्या होत्या आणि पुरीतल्या यात्रेकरूंना बाहेर काढायला खास गाड्या सुटल्या होत्या. 26 जुलैच्या रात्री मात्र मुंबईहून निघालेली कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकली. सगळे प्रवासी बाहेर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

त्यावर ‘एक प्रवासी’ या नावानं ही प्रतिक्रिया आली:

“काका, फलाटावर चहा पीत गाडी चालवणं सोपं असतं. चक्रीवादळ उपग्रहाला चार दिवस आधी दिसतं, ढगफुटी दिसत नाही. दोन्ही एकाच तागडीत कसं तोलता? महालक्ष्मी त्या दिवशी रद्द केली असती आणि पाऊस उघडला असता, तर रेल्वेला शिव्या घालणारा लेख तुम्हीच लिहिला असता. वाणगावला हजारावर माणसं अडकली आणि एकही दगावलं नाही, हे तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलंत. आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक 1 जूनला नाही, 10 जूनला लागतं. आधी माहिती घ्या, मग लिहा.”

आधी चूक कबूल करतो. 1 जून चुकलंच. 10 जून ते 31 ऑक्टोबर हे बरीच वर्षं चाललेलं वेळापत्रक, आणि मला ते तोंडपाठ असायला हवं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे. (तुमची 10 जूनही आता जुनी झाली, साहेब. 2025 ला ते 15 जून ते 20 ऑक्टोबर झालं. आणि महालक्ष्मी वांगणीजवळ अडकली. वाणगाव डहाणूच्या वाटेवर आहे, पश्चिम रेल्वेवर. माहिती घेण्याबद्दल आपण दोघंही जरा जपून बोलू.)

आता चहा.

पहिली गोष्ट, मी चहा पीत नाही. पित्त होतं. दुसरी गोष्ट, ‘काका’ म्हणण्याला माझी ना नाही, वय झालंच आहे. पण ज्या काकाला आपण ओळखत नाही, त्याच्या हातात आपणच कप द्यायचा, आपणच त्याला फलाटावर बसवायचं आणि मग बसलाय म्हणून हिणवायचं, ही कुठली रीत? तुम्ही कोण, कुठे राहता, मी विचारलं नाही. मग माझं तुम्हाला कुठून कळलं?

तर सांगतो. माझे वडील गँगमन होते. कर्जत-लोणावळा घाटात त्यांची बीट. पावसाळ्यात रात्रीच्या पेट्रोलिंगला निघायचे तेव्हा डोक्यावर इरलं, हातात कंदील आणि खांद्याला पिशवी. पिशवीत रुळावर लावायचे फटाके. दरड दिसली की पुढे पळत जाऊन रुळावर ते लावायचे, म्हणजे इंजिनाच्या चाकाखाली फुटले की ड्रायव्हर ब्रेक मारणार. दोन बाजूंनी दोन पेट्रोलमन निघायचे, मधे भेटायचे, आपापली वही एकमेकांना द्यायचे आणि मागे फिरायचे. वही बदलली नाही तर साहेबाला कळायचं की एक जण पोचलाच नाही. आई जागी असायची. मी झोपायचो, खोटं कशाला बोलू.

वडिलांची भीती दरडीपेक्षा पाण्याची. रुळावर चढलेलं पाणी दिसतं तरी, म्हणायचे, पण खडीखालून माती निघून गेली तर वरून रूळ सरळच दिसतो आणि गाडी त्याच्यावर जाते. 29 ऑक्टोबर 2005 ला तेव्हाच्या आंध्रात वलिगोंड्याजवळ हेच झालं. वरचा तलाव फुटून छोटा पूल वाहून गेला आणि डेल्टा पॅसेंजर त्यात गेली, शंभरावर माणसं मेली. 4 ऑगस्ट 2015 ला मध्य प्रदेशात हरद्याजवळ मुंबईहून निघालेली कामायनी आणि समोरून येणारी जनता एक्सप्रेस एकाच ठिकाणी घसरल्या. थोड्याच वेळापूर्वी तिथून गाड्या धडधडीत गेल्या होत्या. हे तुमच्या बाजूनं जातं असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

आता हेही म्हणाल की वडील गँगमन होते, तुम्ही कोण? मी बँकेत होतो. पण बत्तीस वर्षं बदलापूरहून लोकलनं गेलो, आणि 26 जुलै 2005 ला, म्हणजे महालक्ष्मीच्या बरोबर चौदा वर्षं आधी, शीव आणि कुर्ल्याच्या मधे उभ्या लोकलमध्ये मीही उभा होतो. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला फक्त 73. म्हणजे फोर्टातल्या ऑफिसातून निघताना आकाशाकडे बघून काही कळण्याची सोयच नव्हती. (हा आकडा तुम्हीच तुमच्या बाजूनं द्यायला हवा होता. मी देतोय.) पाणी रुळाच्या वर चार इंच चढलं की लोकल हलत नाही, कारण मोटारी डब्याखालीच असतात. शिवाय खडी बुडली की दोन रुळांतला विजेचा हिशोब बिघडतो, पुढे गाडी उभी आहे असं सिग्नलला वाटतं आणि तो लाल होऊन बसतो. मोटरमन कितीही शहाणा असला तरी त्याचं काही चालत नाही.

त्या लोकलचा गार्ड मागून चालत आला आणि प्रत्येक दारापाशी थांबून म्हणाला, “सकाळपर्यंत गाडी हलत नाही. ज्यांच्याबरोबर लहान मुलं आहेत त्यांनी बसून राहा, बाकीच्यांनी आपापलं बघा.” एवढंच. मी उतरलो आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंत रुळांतून चालत गेलो. मांडीपर्यंत पाणी, पुढच्या माणसाचा शर्ट धरून. घरी पोचलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेव्हा आमच्या तळमजल्यात नदी येऊन गेलेली होती. तो गार्ड मला आजही रस्त्यात ओळखू येईल. तर साहेब, फलाट मला त्या दिवशी मिळाला असता तर मी आनंदानं बसलो असतो. तुमचा चहासुद्धा प्यायलो असतो.

आणि माझ्या लेखातलं मूळ वाक्य नेमकं फलाटाबद्दलच होतं! गाडी थांबवण्याबद्दल माझी तक्रार नाही, थांबवायचीच तर स्टेशनात लावून थांबवा. तिथे दिवा आहे, पाणी आहे, छप्पर आहे, बाहेर रस्ता आहे. बदलापूरच्या फलाटावर रात्र काढलेला माणूस वैतागतो, शिव्या देतो आणि सकाळी रिक्षा करून निघतो. चामटोलीच्या शिवारात उभ्या गाडीतून त्याला काढायला नौदल, हवाई दल आणि आपत्ती दलाच्या बोटी लागतात. याबद्दल तुम्ही चकार शब्द काढलेला नाही.

उपग्रहाचा मुद्दा मी ऐकला. चक्रीवादळ आधी दिसतं, कबूल. 1964 च्या डिसेंबरात पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर समुद्रानं ओढून नेली, तेव्हा उपग्रहाची आजच्यासारखी सोय नव्हती, 2019 ला होती, म्हणून पुरीतले यात्रेकरू आधीच बाहेर निघाले. पण नदीला उपग्रह लागत नाही. कोकण रेल्वेनं काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या तीन नद्यांच्या पुलांवर पुराची सूचना देणारी यंत्रं बसवली आहेत. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा वाशिष्ठी चढलेली पाहून चिपळूण-कामथे वाहतूक बंद केली, आणि गाड्या ठिकठिकाणच्या स्टेशनांत उभ्या राहिल्या. हजारो लोक खोळंबले, चिडले, पण कोरडे होते. बदलापूर ते कर्जत रूळ उल्हासच्या कडेकडेनं जातो. घाटात पाऊस लागला की खाली नदी फुगते, हे बदलापुरात पोरासोरांना माहीत आहे. किती तास आधी कळलं असतं, महालक्ष्मी सुटण्याआधी की नंतर, असला कीस पाडत मी बसणार नाही.

पाऊस उघडला असता तर मी उलटा लेख लिहिला असता, हा तुमचा अंदाज. माझ्या न लिहिलेल्या लेखाची जबाबदारी मी घेत नाही.

एकही माणूस दगावलं नाही, हे खरं. साधारण 1050 प्रवासी होते, त्यांत नऊ गरोदर बाया. त्यांना काढणाऱ्यांमध्ये आमच्या बाजूची गावकरी पोरं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. लेखात त्यांना अर्धी ओळ मिळाली, ती कमीच. पण त्यांचं कौतुक माझ्या अंगावर फेकून मारायला वापरू नका. त्यातली दोन पोरं माझ्या ओळखीची आहेत, आणि त्यांचं मत तुम्हाला आवडणार नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. चहाचं वाक्यही राहू दे, नाहीतर उद्या कुणीतरी विचारेल की मी इतकं कशावरून चिडलो. ‘वाणगाव’ मात्र तुम्ही स्वतः दुरुस्त करा, तेवढा अधिकार मला नाही.