आमच्या तलावावरचा डायव्हिंग बोर्ड परत बसवा

हा विषय डोक्यात घातला भाच्याने. तो कोलोरॅडोत असतो, हिवाळाभर बर्फावर घसरत असतो, आणि सध्या फोनवर त्याचं एकच रडगाणं चालू आहे: त्याच्या नेहमीच्या स्की रिसॉर्टने टेरेन पार्कमधले मोठे जंप काढून टाकले. टेरेन पार्क म्हणजे उतारावर बर्फाचेच उंचवटे रचून केलेली उड्या मारायची जागा. आता तिथे लहान पोरांना पुरतील एवढे ढिगारे उरलेत. मी म्हटलं, बाळा, तुझं दुःख मला कळतं. इथे बर्फ नाही, पाणी आहे, एवढाच काय तो फरक.

बडोद्यातल्या ज्या जलतरण तलावावर मी पोहायला शिकले तिथला तीन मीटर उंचीवरचा उडी मारायचा बोर्ड गेला. आधी शिडीला साखळी आली, मग कुलूप आलं, आणि एका उन्हाळ्यात पाहिलं तर बोर्डच नाही, काँक्रीटमधून वर आलेले गंजके बोल्ट तेवढे राहिलेत. तलावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण नकोय, बोर्ड हवाय. कारण विचारलं की उत्तर एका शब्दात मिळतं: सेफ्टी.

आता सेफ्टीचंच बोलू.

बडोद्याच्या हरणी तलावातली बोट दुर्घटना कोणीही विसरलेलं नाही. 18 जानेवारी 2024 ला सहलीला गेलेली 12 मुलं आणि 2 शिक्षिका तिथे बोट उलटून बुडाल्या. त्यानंतर या शहरातले आईबाप पाण्याच्या काठाशी निर्धास्त उभे राहू शकत नाहीत, मीसुद्धा नाही. पण तिथे काय झालं होतं? बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. ज्यांनी लक्ष ठेवायचं त्यांनी ठेवलं नाही. त्यावरून आपण शिकलो काय, तर जिथे शिट्टी घेऊन माणूस बसलेला असतो आणि पाण्याची खोली फुटाफुटाने माहीत असते, तिथली उडी बंद करायची!

बरं, बोर्ड काढल्याने पोरांच्या उड्या थांबल्या का? पोरं सिंधरोटला मही नदीवर जातात, नर्मदेच्या कालव्यावर जातात. कालव्याचे काठ काँक्रीटचे, उतरते आणि शेवाळलेले. आत पडलेल्याला हात धरायला काही सापडत नाही, आणि वरून संथ दिसणारं पाणी आत ओढत असतं. नदीत खाली दगड आहे की खड्डा, हे तर उडी मारल्यावरच कळतं. शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मात्र कोणी उतरत नाही. ते श्रेय मगरींचं, प्रशासनाचं नाही.

तीन मीटरवरून सुटलेला माणूस पाण्याला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास असतो, दहा मीटरवरून 50 च्या. हा वेग जिरवायला पाणी लागतं, म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत तीन मीटरच्या बोर्डाखाली किमान 3.7 मीटर खोली सांगितली आहे, म्हणजे बारा फूट आणि वर थोडं. सूर मारताना मान मोडण्याचे बहुतेक प्रकार घडतात ते उथळ पाण्यात, तळाला डोकं आपटून. आमच्या तलावावर आज काय चालतं? खोल बाजूला बोर्ड नाही, आणि चार फुटांच्या बाजूला पोरं काठावरून बेलाशक डोकं खाली घालून सूर मारतात. त्याला कोणी शिट्टी वाजवत नाही!

बर्फावर वेग जिरवायचं हेच काम उतार करतो. उडी मारणारा ज्या तिरक्या रेषेत खाली येतो, जवळपास तेवढाच तिरका उतार त्याला मिळाला तर तो अलगद घसरत पुढे जातो. तोच सपाटीवर येऊन आदळला तर गुडघे नाहीतर मणके. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेतले माँट हबर्ड यांनी याचं गणित मांडलंय. त्यांचं म्हणणं असं की जंप किती मोठा दिसतो ते सोडा, उतरताना बसणारा धक्का किती उंचीवरून सरळ खाली पडल्याइतका आहे ते मोजा. आणि उतरणीचा आकार असा ठेवा की कोणी हळू आला काय, जोरात आला काय, धक्का वाढू नये. मोठी उडी आणि सौम्य धक्का एकत्र नांदू शकतात, फक्त कोणीतरी फावडं उचलण्याआधी कागदावर हिशेब करायला हवा.

2007 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका खटल्यात, जंपवरून पडून कायमचा लुळा पडलेल्या तरुणाला ज्युरीने 1.4 कोटी डॉलरची भरपाई दिली. मला तो निकाल पटतो. जंप बांधून पैसे घेणाऱ्याने तो नीट बांधलाच पाहिजे. पण असल्या निकालातून ‘नीट बांधा’ असं न ऐकता ‘बांधूच नका’ असं ऐकणं, हे मला पटत नाही. 2014 पासून स्लोपस्टाइल, म्हणजे असल्याच जंपवरून उड्या मारत उतार उतरायची स्पर्धा, ऑलिंपिकमध्ये आहे. टीव्हीवर ते खेळाडू हवेत गिरक्या घेताना पाहून पोरं पेटतात आणि डोंगरावर जाऊन बघतात तर मधली पायरीच नाही. मग जंगलात जाऊन स्वतःच फावड्याने जंप रचतात. आमचा कालवा आणि त्यांचं जंगल यांत मला तरी फरक दिसत नाही.

आमच्या मोठ्या दिरांनी वादात अमेरिकेचा डायव्हर ग्रेग लुगॅनिस याला आणलं. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये त्याचं डोकं बोर्डावर आपटलं होतं, हे खरं. टाके घालून तो परत आला आणि सुवर्णपदक घेऊन गेला, हे मात्र भाऊजी सोयीस्करपणे गाळतात. शिवाय तो उलट उडी मारून अडीच कोलांट्या घेत होता, आपली पोरं सरळ पायावर उडी मारणार आहेत.

आणि बडोद्याला हे कोणी शिकवायला हवं? जुम्मादादांचा, प्रोफेसर माणिकरावांचा आखाडा या गावात आहे. मल्लखांबावरून पोर पडलं म्हणून कोणी खांब उपटला नाही. खालची गादी जाड केली आणि शिकवणाऱ्याला जवळ उभं केलं.

मागणं फार नाही. तळ मोजून खोली भिंतीवर ठळक रंगवा. खोली पुरत नसेल तर तीन मीटरचा हट्ट मी सोडते, एक मीटरचा बसवा, पण त्याचीही खोली नियमात बघून घ्या. बोर्डाची वेळ वेगळी ठेवा आणि त्या वेळी फक्त बोर्डाकडे बघणारा एक लाइफगार्ड नेमा. खोल पाण्यात जागच्या जागी तरंगता येतं हे दाखवल्याशिवाय कोणाला शिडी चढू देऊ नका. आधीचा काठाला लागेपर्यंत पुढच्याने उडी मारायची नाही. पैशाचं म्हणाल तर बोर्डाच्या किमतीपेक्षा लाइफगार्डचा पगार जड जाणार आहे. खरी अडचण तिथेच आहे असा मला दाट संशय आहे.

अर्ज मी गुजरातीत लिहिलाय, जोडाक्षरं नणंदेने तपासलीत. सह्यांसाठी दोन कागद आहेत. एक बोर्ड परत बसवण्याचा आणि दुसरा उथळ बाजूला सूर मारायला बंदी घालण्याचा. रविवारी सकाळी मी घरीच आहे. ज्यांना पहिला कागद मान्य नाही त्यांनी निदान दुसऱ्यावर सही करायला यावं. भाऊजी, तुम्हीसुद्धा.