मामा, हंगेरीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी गेल्या आठवड्यात एक भलामोठा मेसेज टाकला. त्याआधी तो सोसायटीच्या ग्रुपवर येऊन गेलाच होता. सार असं: युरोपीय संसदेने 2018 मध्ये हंगेरीवर ज्यूद्वेषाचा आणि पत्रकारांच्या गळचेपीचा ठपका ठेवला, तो डाव्यांचा कट होता. मतमोजणीत हेराफेरी झाली. तिथले तेव्हाचे पंतप्रधान ऑर्बान इस्रायलचे जिगरी दोस्त, मग ज्यूद्वेष कसला? आपल्या कोकणात बेने इस्रायली ज्यू नांदले तसेच ज्यू हंगेरीत नांदले. आणि वर्तमानपत्रं बंद पडली ती तोट्यामुळे. खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मामांना फोन केला तर म्हणाले, "तुला सगळ्यातच खोट दिसते." म्हणून लिहूनच काढतो.

आधी मतमोजणी, कारण तिथे मेसेजच्या हाताला थोडंफार लागलंय. हा ठपका ठेवणारा डच खासदार यूडिथ सार्जेंटिनी यांचा अहवाल 12 सप्टेंबर 2018 ला युरोपीय संसदेत मताला आला. बाजूने 448, विरोधात 197, तटस्थ 48. दोन तृतीयांश हवे होते. तटस्थ धरले तर 448 कमी पडतात, वगळले तर पुरतात. ते वगळले गेले. मेसेज इथेच थांबतो. पुढे हंगेरी कोर्टात गेली आणि 3 जून 2021 ला युरोपीय न्यायालयाने तिची याचिका फेटाळली, तटस्थांना वगळणं बरोबरच ठरवलं. डाव्यांच्या कटाचं म्हणाल तर ऑर्बान यांचा फिदेस पक्ष तेव्हा ज्या उजव्या गटात बसायचा, त्या गटाचे नेते मानफ्रेड वेबर यांनीच अहवालाच्या बाजूने मत दिलं. मेसेजमधलं ‘बाहेरच्यांनी नाक खुपसलं’ हेही जाऊ द्या. हंगेरी 2004 मध्ये स्वखुशीने युरोपीय संघाची सदस्य झाली, ज्या करारात सदस्य देशावर असा ठपका ठेवण्याचं कलम आहे तो मान्य करून.

आता दोस्तीचा मुद्दा. 2017 च्या उन्हाळ्यात हंगेरीभर सरकारी खर्चाने पोस्टर लागली. त्यांवर अब्जाधीश जॉर्ज सोरोस यांचा हसरा चेहरा आणि मजकूर असा, की शेवटी याला हसू देऊ नका. सोरोस 1930 मध्ये बुडापेस्टमध्येच जन्मले आणि 1944 च्या नाझी काळातून कसेबसे वाचलेले ज्यू. पोस्टर ट्रामच्या फरशीवरही चिकटवलं होतं, म्हणजे चढणाऱ्याचा पाय चेहऱ्यावर पडलाच पाहिजे. काही पोस्टरांवर लोकांनी पेनाने ज्यूंना शिव्या लिहिल्या. हंगेरीतल्या ज्यू संघटनांच्या महासंघाचे अध्यक्ष आंद्राश हाइस्लर यांनी ऑर्बान यांना पत्र लिहून हे थांबवा म्हणून विनवलं. इस्रायलच्या राजदूतांनीही आक्षेप घेतला, पण लगेच जेरुसलेमहून खुलासा आला की सोरोसवर टीका करायला आमची ना नाही. त्याच जुलैमध्ये नेतन्याहू बुडापेस्टला गेले. दोन सरकारांचं सूत जमलं म्हणून तिथल्या ज्यू आजोबांनी ट्राममध्ये निवांत बसावं, असं मेसेज लिहिणाऱ्याला वाटतं काय?

तरी कुणी म्हणेल, एका अब्जाधीशावर टीका केली तर बिघडलं कुठे? मग 15 मार्च 2018 चं ऑर्बान यांचं भाषण वाचा: आपला शत्रू राष्ट्रीय नाही, आंतरराष्ट्रीय आहे, तो कष्ट करत नाही, पैशाची सट्टेबाजी करतो, अशा अर्थाचं. शंभर वर्षं युरोपात ज्यूंबद्दल जे बोललं गेलं, ते जसंच्या तसं. सार्जेंटिनी अहवालाने या भाषणात उघड ज्यूद्वेषी साचे असल्याची नोंद केली आहे. अहवाल मुळातून वाचावा. मामांच्या मेसेजपेक्षा लांब आहे, पण इमोजी नाहीत.

आणि ती कोकणाची तुलना! ती वाचून माझं खरंच डोकं फिरलं. पेणकर, किहीमकर, रोहेकर पिढ्यानपिढ्या इथे राहिले, धर्माप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवला, बाकीचे दिवस तेल गाळलं, आणि त्यांना धरून द्यायला कुणी शेजारी उठला नाही. हंगेरीने 1920 मध्येच, होर्ती यांच्या राजवटीत, विद्यापीठांत ज्यूंच्या जागांवर मर्यादा घालणारा कायदा केला. जर्मन सैन्य मार्च 1944 मध्ये घुसलं हे खरं, पण 15 मे ते 9 जुलै या आठ आठवड्यांत सुमारे 4,37,000 ज्यूंना मालगाड्यांत कोंबलं ते हंगेरीच्याच सशस्त्र पोलिसांनी. बहुतेक गाड्या ऑशविट्झच्या मृत्युछावणीला गेल्या. होर्ती तेव्हाही राष्ट्रप्रमुखपदी होते. याच होर्तींना ऑर्बान यांनी जून 2017 मध्ये असामान्य मुत्सद्दी म्हटलं. पुढच्याच महिन्यात, नेतन्याहू शेजारी असताना, हंगेरीने तेव्हा ज्यूंचं रक्षण केलं नाही हे पाप होतं असंही ते म्हणाले. म्हटलं, तेही नोंदवतो.

बुडापेस्टमध्ये ज्यूंवर रस्त्यात होणारे हल्ले पॅरिसपेक्षा कमी, हे मात्र मान्य करावं लागतं. दोहान्य रस्त्यावरचं भव्य सिनेगॉग गजबजलेलं असतं. ठीक आहे. त्याने पोस्टर पुसली जात नाहीत.

राहिली वर्तमानपत्रं. पत्रकार तुरुंगात नाहीत, बरोबर. गरजच पडली नाही. ‘नेपसाबादशाग’ हे मोठं विरोधी दैनिक 8 ऑक्टोबर 2016 ला अचानक बंद झालं. कार्यालय हलवायचंय म्हणून पत्रकारांनी सामान खोक्यांत भरून ठेवलं होतं, आणि शनिवारी सकाळी कळलं की पेपरच नाही. पेपर तोट्यात होता, खरंय. पण त्याच महिन्यात मालक कंपनी विकली गेली ती मेसारोश यांच्याशी संबंधित कंपनीला. मेसारोश म्हणजे ऑर्बान यांच्या फेलचूत गावचे तेव्हाचे महापौर, मूळ धंदा गॅसजोडणीचा. नोव्हेंबर 2018 मध्ये सरकारधार्जिण्या मालकांनी आपली चारशेहून अधिक माध्यमं एका संस्थेला चक्क फुकट देऊन टाकली. सरकारने हा व्यवहार राष्ट्रहिताचा ठरवला, त्यामुळे मक्तेदारीची चौकशीही टळली. तोट्यातल्या धंद्याची एवढी माया कुठे पाहिलीत?

क्लबरादिओ या सरकारवर टीका करणाऱ्या रेडिओ केंद्राच्या बाबतीत तर तोट्याची सबबही पुढे केली नाही. काही कागद उशिरा भरले एवढ्यावर परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि 14 फेब्रुवारी 2021 ला त्याची फ्रिक्वेन्सी गेली. तेव्हापासून ते इंटरनेटवर चालवावं लागलं.