सहीचा फोटो म्हणजे सही नव्हे

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर नानांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गावच्या जमिनीचा सातबारा, मुलानं महाभूमी या सरकारी संकेतस्थळावरून १५ रुपये भरून उतरवलेला. "तलाठ्याचा शिक्का नाही, शाईची सही नाही. हा खरा कोण धरणार?"

"धरतात हो नाना," बंड्या म्हणाला. "मी तर सहीचा फोटोच काढून ठेवलाय. लागेल तिथे चिकटवतो. तीही डिजिटल सहीच."

इथे मला राहवलं नाही. तो फोटो उद्या कुणीही कापून हव्या त्या करारावर डकवेल! खऱ्या डिजिटल सहीत चित्राला किंमत नसते. फाइलमधल्या मजकुराचा गणिती ठसा निघतो, त्याला हॅश म्हणतात. सही करणाऱ्याच्या खासगी किल्लीनं, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त आकड्यानं, त्यावर शिक्कामोर्तब होतं. मग पन्नास हजारांवर एक शून्य वाढवा, ठसा जुळणार नाही. किल्ली कुणाची, याची हमी सरकारमान्य प्रमाणन संस्था प्रमाणपत्रातून देते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानं याला मान्यता आहे.

मंग्या ऑफिसातून थेट आलेला. त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडून त्याला आलेलं एक पत्र दाखवलं. सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. "म्हणजे बनावट ना?"

नाही. त्या सॉफ्टवेअरला प्रमाणपत्राची साखळी, म्हणजे कुणाची हमी कुणी दिली ती मालिका, ओळखीची नाही, एवढंच. ती तपासून घ्यायची, पत्र लगेच फेकायचं नाही.

"पण किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर?" बंड्यानं नेमकं विचारलं. माझी किल्ली ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं यूएसबी टोकन चार वर्षं पिनसकट हिशेब बघणाऱ्याकडे पडून होतं. माझ्या नावानं एक फॉर्म गेला, तो मी पाहिलाही नव्हता. तंत्र चोख होतं, किल्ली मीच दुसऱ्याला दिली होती. आधारच्या ई-साइनचा, म्हणजे आधार क्रमांकावरून ऑनलाइन सही करण्याचा, ओटीपी फोनवर सांगणं म्हणजे तेच.

नानांना मृत्युपत्रही असंच उरकायचं होतं. ते जमणार नाही. मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्यातून वगळलंय. तिथे शाईची सही आणि दोन साक्षीदार हवेतच.

"आणि हा कागद?"

छापला की गणित कागदावर उतरत नाही, सही राहते फाइलमध्ये. कागदावर पडताळणी क्रमांक आहे, त्यावरून तो ऑनलाइन ताडून बघता येतो.

नानांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "अरे, ती सातबाऱ्याची फाइल आहे ना अजून? डिलीट नको करूस."