एम्युलेटर बंद पडला हे आम्हालाही दिसतं, का पडला ते सांगा

अँड्रॉइड स्टुडिओत, म्हणजे ॲप बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एव्हीडी (संगणकाच्या पडद्यावरचा आभासी फोन) तयार करायचं, तो चालवणारा एम्युलेटर सुरू करायला हिरव्या त्रिकोणावर क्लिक करायचं, वाट बघायची आणि शेवटी एक चौकट येते: ‘द एम्युलेटर प्रोसेस हॅज टर्मिनेटेड.’ बास! पुढे ना कारण, ना काय करायचं त्याचा पत्ता. माझ्या डोक्यात तिडीक जाते. बंद पडला हे समोर दिसतंय ना? का पडला ते बोला!

जास्त संताप याचा की कारण त्या सॉफ्टवेअरला माहीत असतं. हेल्प मेनूतून लॉगची, म्हणजे आत काय घडलं त्याच्या नोंदींची, फाइल उघडा, शेकडो ओळी खाली जा, तिथे ते पडलेलं असतं. डिस्कवर जागा नाही. अमुक डीएलएल फाइल सापडली नाही. व्हर्च्युअलायझेशन (संगणकातच दुसरा संगणक चालवायची प्रोसेसरची सोय) बंद आहे. तोच एम्युलेटर कमांड लाइनवरून (आज्ञा टाइप करून) चालवला की हेच कारण धडधडीत लिहून दाखवतो. मग ते वाक्य चौकटीत टाकायला काय हरकत आहे? कधी कधी दाखवतात, नाही असं नाही. पण ज्याला लॉग म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्याच्याच तोंडाला नेमकी पानं पुसली जातात.

मी सुट्टीच्या दिवशी तालुक्याच्या गावातल्या मुलांना ॲप बनवायला शिकवते. डिप्लोमाची मुलं, बीसीएच्या मुली. कोटलिन ही भाषा शिकवायला त्रास होत नाही, लेआउट, म्हणजे स्क्रीनची मांडणी, तर त्यांना आवडतात. जीव जातो तो फक्त हा एम्युलेटर बसवताना.

त्या व्हर्च्युअलायझेशनचंच घ्या. इंटेलचा प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, व्हीटी-एक्स शोधायचं, एएमडी असेल तर एसव्हीएम मोड. बायोसमध्ये जायची की प्रत्येक लॅपटॉपची वेगळी, तो पर्याय कुठल्या पानावर लपलाय तेही वेगळं. ज्या मुलीने कर्ज काढून घेतलेल्या लॅपटॉपचा बायोस आयुष्यात उघडलेला नाही, तिचा हात तिथे थरथरतो. का थरथरू नये? बिघडला तर दुसरा कोण देणार आहे?

तो पर्याय चालू केला की हायपरव्हायझरची, म्हणजे ती सोय वापरून एम्युलेटर पळवणाऱ्या सॉफ्टवेअरची, भानगड. इंटरनेटवर अजून ढिगाने व्हिडिओ सांगतात, ‘आधी हॅक्सम टाका.’ इंटेलने आपलं हे हायपरव्हायझर, हॅक्सम, जानेवारी २०२३ मध्ये बंद केलं! तरी मुलं ते शोधून टाकत बसतात, कारण शोधात तेच वर येतं. कोणीतरी मध्येच सांगतं की विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही बंद कर, म्हणजे हॅक्सम चालेल. बिचारा मुलगा ते बंद करतो, आणि विंडोजवर लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-२ मरतं, त्यावर चालणारं डॉकर मरतं. आगीतून फुफाट्यात. खरं तर आता हायपर-व्ही चालू ठेवूनही काम होतं. विंडोजच्या फीचर्समध्ये ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’वर टिक करायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. ही एवढीशी गोष्ट कळण्याआधी मुलांचे अख्खे रविवार गेलेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. लिनक्सवाल्यांचीही सुटका नाही. तिथे केव्हीएम हे हायपरव्हायझर असतं, पण युजर त्या केव्हीएम ग्रुपमध्ये नसेल तर परवानगी नाकारली जाते.

मग रॅम. स्टुडिओ आणि एम्युलेटर दोन्ही चालवायचे तर किमान १६ जीबी लागते, असं आता अधिकृत पानावरच लिहिलंय. आमच्याकडच्या बहुतेक मुलांकडे ८ जीबी आहे. स्टुडिओ उघडा, ग्रेडल बिल्ड (कोडचं ॲप बनवायचं काम) सुरू करा, वर एम्युलेटर, आणि शेजारी ब्राउझर तर हवाच, कारण प्रत्येक एरर शोधायची असते. माउसचा बाण जागेवर थिजतो. नंतर ‘सिस्टिम यूआय इजन्ट रिस्पॉन्डिंग’.

जागेचंही तेच. दुकानदाराने सी ड्राइव्ह छोटा आणि डी ड्राइव्ह मोठा करून दिलेला असतो. एसडीके (ॲप बनवायची साधनं) जातो सीमधल्या लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, एव्हीडीही सीवरच, युजरच्या फोल्डरात. एकेक सिस्टिम इमेज, म्हणजे आभासी फोनमधलं अँड्रॉइड, एक जीबीच्या वर, उलगडली की त्याच्या कितीतरी पट. सी ड्राइव्ह लाल होतो, डी रिकामा पडून राहतो. इन्स्टॉल करतानाच ‘एव्हीडी कुठे ठेवू?’ असं का विचारत नाही? हलवायचं तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजच्या आतल्या सेटिंगमधला पत्ता) लावा. पहिल्या दिवशी आलेल्या पोराला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल!

आणि हे सगळं डाउनलोड कशावर? मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. दिवसाला दीड जीबीच्या पॅकमध्ये एक इमेज धडपणे उतरत नाही. वीज गेली, रेंज गेली, झिप अर्धवट आली, की परत एरर. त्यात यादीत एकाच अँड्रॉइडच्या नावापुढे गुगल प्ले, गुगल एपीआय आणि साधी, अशा वेगवेगळ्या इमेजेस. अँड्रॉइड १४ चा आतला आवृत्ती-क्रमांक एपीआय ३४, हे ज्याला माहीत नाही त्याने काय निवडायचं? एकाने चुकून एआरएमची, म्हणजे वेगळ्या जातीच्या प्रोसेसरची, इमेज उतरवली, साध्या इंटेलच्या लॅपटॉपवर. दोन दिवसांचा डेटा पाण्यात. त्याला अडवणारं तिथे काहीच ठळक नव्हतं.

कसाबसा एम्युलेटर सुरू झाला, ॲप उघडलं, तरी आपल्याच मशीनवरचा सर्व्हर सापडत नाही. कारण एम्युलेटरच्या आत लोकलहोस्ट (‘हेच मशीन’ असा पत्ता) म्हणजे तो एम्युलेटर स्वतः. आपलं मशीन हवं असेल तर १०.०.२.२ लिहायचं. दस्तऐवजात आहे हो, पण ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ वाचून ते पान कोणाला सुचणार? १०.०.२.२ लिहिलं, तरी अँड्रॉइड ९ पासून साधं (सुरक्षित न केलेलं) एचटीटीपी आपोआप अडवलं जातं, त्याची परवानगी वेगळी लिहायची. कोड एका अक्षराने चुकलेला नसतो, आणि मुलगी रात्री एक वाजता मला विचारते, ‘मॅडम, माझं काय चुकलं?’ तिचं काहीच चुकलेलं नसतं!

‘मग खरा फोन लावा ना,’ असं सहज म्हणणारे भेटतात. लावतोच आम्ही, दुसरा इलाज आहे का? बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, यूएसबी डीबगिंग चालू करा, मग कळतं की हातातली केबल फक्त चार्जिंगची आहे. काही फोनवर यूएसबीवरून ॲप टाकायची परवानगी वेगळी, तीही सिम आणि कंपनीच्या खात्यात लॉगिन असल्याशिवाय देत नाहीत. आणि एका फोनवर एकच स्क्रीन दिसते. टॅबलेटवर लेआउट कसा दिसतो, जुन्या अँड्रॉइडवर ॲप पडतं का, हे बघायला तो एम्युलेटरच लागतो.

यात पोरं कंटाळून मोबाइल डेव्हलपमेंट सोडतात. मग वर बसलेले म्हणतात, आजकालच्या मुलांत चिकाटी नाही. त्यांनी ८ जीबीच्या लॅपटॉपवर, हॉटस्पॉटच्या नेटवर, कोणालाही न विचारता हे सगळं एकदा स्वतः बसवून दाखवावं. आमच्या गावात या, लॅपटॉप मी देते.