'विमोवे' असा शब्दच नाही

गाण्यांमागचे किस्से मला फार आवडतात. बीटल्सच्या 'यस्टर्डे'ची चाल पॉल मॅकार्टनीला झोपेतून उठता उठता सुचली आणि खरे शब्द सापडेपर्यंत तो त्या चालीवर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' म्हणत होता, हे मी कितीतरी जणांना सांगितलंय. पण दक्षिण आफ्रिकेतला गायक सॉलोमन लिंडा याच्याबद्दल वाचलं आणि तेव्हापासून कुठल्याही गाण्याच्या बाबतीत मी आधी एवढंच शोधते: नाव कुणाचं लागलं आणि पैसे कुणाला मिळाले?

'द लायन स्लीप्स टुनाइट' आठवतंय? त्यातलं ते 'विमोवे, विमोवे'? असा शब्दच नाही. झुलू भाषेत 'म्बुबे' म्हणजे सिंह. लिंडाच्या मूळ झुलू गाण्यातला कोरस 'उयिम्बुबे' म्हणतो, म्हणजे 'तू सिंह आहेस'. अमेरिकेत लोकगायक पीट सीगरनं रेकॉर्ड ऐकून गाणं उतरवून घेतलं, तेव्हा त्याला 'विमोवे' ऐकू आलं. मग सगळं जग तेच गायला लागलं.

लिंडानं 'म्बुबे' रेकॉर्ड केलं १९३९ साली, जोहान्सबर्गमध्ये. गाणं संपत आलं असताना त्यानं ऐनवेळी वरच्या पट्टीत एक ओळ घेतली. आपण सगळे जी चाल गुणगुणतो ती हीच! गाण्याचे हक्क गेले दहा शिलिंगांत. १९६१ मध्ये 'द टोकन्स' या गटाचं त्यावरचं इंग्रजी गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं आणि पुढच्याच वर्षी लिंडा गरिबीत वारला. कबरीवर दगड बसवायलाही घरच्यांकडे कित्येक वर्षं पैसे नव्हते. १९९४ मध्ये 'द लायन किंग'नं हे गाणं घराघरांत नेलं, पण लिंडाच्या मुलींशी तडजोड व्हायला २००६ उजाडलं. हे वाचताना मला खरंच रडू आलं.

त्याच २००६ मध्ये ड्रमर ग्रेगरी कोलमन बेघर अवस्थेत वारला. १९६९ च्या 'आमेन, ब्रदर'मध्ये त्यानं वाजवलेला जेमतेम सात सेकंदांचा ड्रमचा तुकडा पुढे हजारो गाण्यांत वापरला गेला. त्याला रॉयल्टी शून्य.

क्लेअर टोरी मात्र लढली. पिंक फ्लॉइड या बँडच्या 'द ग्रेट गिग इन द स्काय'मध्ये शब्दांशिवाय नुसत्या आवाजात जो आकांत ऐकू येतो, तो तिचा. १९७३ मध्ये त्याचे तिला तीस पौंड मिळाले. नुसतं गायलं नाही, ही चाल मीच रचली, असं म्हणत ती २००४ मध्ये कोर्टात गेली आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. आता संगीतकार म्हणून बँडमधल्या रिचर्ड राइटच्या शेजारी तिचंही नाव असतं. परवा मी मुद्दाम उघडून पाहिलं. आहे.